पाणी गेलं, माणसं गेली; जमीन तरी राहू द्या

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेले भाषण. बोलण्यातला ओघ तसाच ठेवून, थोडेफार नीटनेटके करून, या स्मरणिकेसाठी दिले आहे.)





आम्ही काही वक्ते नाही. समितीने सांगितले, "शहापूर-मुरबाडचा आपला समाज, या विषयावर अर्धा तास बोला." विषय मोठा, वेळ थोडा, आणि मागे मंडपात भाजीला फोडणी पडल्याचा वास सुटलेला. त्यामुळे लांबण लावणार नाही. बोलताना 'आम्ही' म्हणतो आहोत ते मोठेपणासाठी नव्हे. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांच्या वाड्यापाड्यांतून निघून आसनगाव-शहापूरच्या या वस्तीत येऊन राहिलेली जी आमची पिढी आहे, तिच्या वतीने आम्ही बोलतो आहोत. ज्या चुका सांगणार आहोत, त्याही आमच्याच आहेत.

वाट जुनी आहे

पुष्कळ जणांना वाटतं, आपला भाग म्हणजे मुंबईचं शेपूट. कसारा लोकलचा शेवटचा थांबा आणि माळशेज घाटाच्या अलीकडचा चहा. बाबांनो, तसं नाही. मुरबाड तालुक्यात वैशाखरे गाव आहे. तिथून वर चढलं की नाणेघाट. दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळात कल्याण आणि सोपारा बंदरांत उतरलेला माल याच वाटेने जुन्नरला, तिथून पुढे पैठणला जायचा. घाटाच्या माथ्यावरच्या लेण्यात ब्राह्मी लिपीतला मोठा शिलालेख आहे, तो सातवाहन राणी नागनिकेशी जोडला जातो. घाट संपला की जुन्नर, म्हणजे बौद्ध लेण्यांचं माहेरघर. इकडे खाली कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांची नावं कोरली आहेत, त्यांत कल्याणचे लोक आहेत. सोपाऱ्याला तर सम्राट अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे सापडले आणि १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उकरून काढला. म्हणजे एका बाजूला सोपारा-कान्हेरी, दुसऱ्या बाजूला जुन्नर, आणि मधली पायवाट आपली. व्यापारी गेले, बैल गेले, त्यांच्याबरोबर भिक्खूही याच वाटेने गेले-आले असणार. १९५६ साली धम्म आपल्या गावात आला म्हणतात; आम्ही म्हणतो, तो परत आला.

दुसरी वाट रेल्वेची. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलंय. पण १८५५ साली गाडी वासिंदपर्यंत आली, १८६१ साली कसाऱ्याला पोचली आणि १८६५ साली थळ घाट चढून इगतपुरीला गेली, हे आपल्या मुलांना कोणी सांगत नाही. तो घाट माणसांनी फोडला. आजही जड गाडी कसाऱ्याला थांबते, मागून इंजिन लावतात आणि मग ती वर चढते. काळाराम मंदिराच्या सत्याग्रहासाठी १९३० साली मुंबईकडची माणसं नाशिकला गेली ती याच घाटाने.

मुरबाडच्या वाट्याला मात्र रेल्वे आली नाही. एवढा जवळ कल्याण, पण भिस्त एस.टी.वर. कल्याण-मुरबाड रेल्वेच्या गप्पा ऐकत आमच्यातले काही म्हातारे वारले. रूळ काही दिसले नाहीत.

या दोन वाटांच्या आजूबाजूला आपले दोन तालुके पसरले आहेत. इकडे माहुली, तिकडे सिद्धगड आणि गोरखगड. माहुलीच्या किल्ल्यावर १६३६ साली शहाजीराजांना मोगल आणि आदिलशाही फौजांचा वेढा पडला. सिद्धगडाच्या जंगलात २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रजांच्या गोळ्यांनी हुतात्मा झाले. कोतवाल नाभिक समाजातले, शिकून वकील झालेले. हाही आपल्या मातीचा इतिहास आहे, तो आपल्या विहारातही सांगितला पाहिजे.

२०११ च्या जनगणनेत शहापूर तालुक्याची वस्ती तीन लाखांच्या वर आणि मुरबाडची दोन लाखांच्या आत होती. कुणबी आणि आगरी समाज मोठा. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली हे आदिवासी बांधव डोंगराच्या कुशीत. शहापूर तालुका सगळाच्या सगळा अनुसूचित क्षेत्रात येतो, मुरबाडचा काही भाग येतो. यात आपण बौद्ध थोडके. गावाच्या कडेला दहा घरं, कुठे पंधरा, कुठे चारच. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला आणि ठाणे जिल्ह्याचा जो ग्रामीण भाग उरला, त्यात आपले हे दोन तालुके मोठे.

पाणी गेलं

आता पाण्याचं ऐका. १८९२ साली तानसा धरण झालं आणि मुंबईला पाणी गेलं. १९५७ साली वैतरणेवर मोडकसागर झाला. मग भातसा झालं. २०१४ साली मध्य वैतरणा झालं. मुंबईला पाणी देणारे सात तलाव मुलं वर्तमानपत्रात वाचतात. त्यातला एकटा भातसाच जवळजवळ निम्मी तहान भागवतो. भातसाचं पाणी नदीत सोडतात, ते खाली पिसे बंधाऱ्यावर उचलतात, पांजरापूरला शुद्ध करतात आणि मुंबईला नेतात. मुरबाडच्या बाजूला बारवी धरण आहे. त्याचं पाणी अंबरनाथ, डोंबिवलीच्या कारखान्यांना आणि शहरांना जातं. त्याची उंची वाढवली तेव्हा पुन्हा गावं-पाडे उठले. काळू नदीवरच्या धरणाचं काम २०१२ साली उच्च न्यायालयात अडलं, पण तो विषय डोक्यावर लटकतोच आहे.

आणि आपल्याकडे? होळी झाली की विहिरी तळाला जातात. चैत्र-वैशाखात शहापूरच्या वाड्यापाड्यांवर टँकर येतो. वरून हजारो लिटर पाणी नळातून मुंबईला जातं आणि नळाच्या बाजूच्या पाड्यावरची बाई दोन हंड्यांसाठी मैलभर चालते. हे आम्ही लहानपणी पाहिलं आणि आता नातवंडं झाली तरी पाहतो आहोत. भावली धरणातून पाणी आणण्याची योजना निघाली आहे. ते पाणी शेवटच्या पाड्यापर्यंत येवो.

आमच्या लहानपणी गावात पाणवठे दोन होते. एक गावाचा, एक आपला. आपला म्हणजे ओढ्यातला डवरा, जो माघातच आटायचा. मग गावच्या विहिरीवर उभं राहायचं आणि कोणी वरून ओतील त्याची वाट बघायची. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, त्याचा अर्थ आमच्या आईला कोणी पुस्तकातून समजावून सांगावा लागला नाही. आज टँकर आला की सगळ्याच आळ्यांतल्या बाया एकदम धावतात, कोणाचा हंडा कोणाला लागला हे कोणी बघत नाही. एवढं तरी झालं. पण तहान सगळ्यांची सारखी झाली म्हणून समता आली, असं आम्ही म्हणणार नाही.

माणसं गेली

पाण्यामागोमाग माणसं गेली. का गेली? तरुणांनी नीट ऐकावं, कारण पुढचं सगळं यावर आहे.

आपल्या वाडवडिलांकडे वतन होतं. वतन म्हणजे जमिनीचा तुकडा, आणि त्याच्या बदल्यात चोवीस तासांची चाकरी. सरकारी माणूस आला की त्याच्यापुढे धावायचं, निरोप पोचवायचा, साऱ्याच्या वेळी घरोघर हाका मारायच्या, मेलेलं जनावर ओढायचं. रात्री पाऊस असो की घरात बाळंतीण असो, हाक आली की निघायचं. घरातला एक माणूस चाकरीला आणि बाकीचे बलुत्याच्या भाकरीला. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात या वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करण्याचं बिल आणलं. १९३९ साली नगर जिल्ह्यात हरेगावला वतनदारांची परिषद घेतली. शेवटी १९५८ साली कनिष्ठ वतने नष्ट करण्याचा कायदा झाला आणि पुढच्या वर्षी अंमलात आला. तोवर आमच्या आजोबांची कंबर वाकली होती.

म्हणून माणसं निघाली. कोणी रेल्वेत गँगमन झाले, कोणी गोदीत गेले, कोणी गिरणीत, कोणी महापालिकेच्या झाडूखात्यात. कोणी कल्याणजवळ मोहन्याच्या रेयॉन कारखान्यात, कोणी अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत. मुंबईत दहा बाय दहाच्या खोलीत चौदा माणसं झोपली, पण हाक मारणारा कोणी नव्हता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. दोन महिने झाले नाहीत तो ६ डिसेंबर उजाडला. ७ तारखेला दादरच्या चौपाटीवर चितेच्या साक्षीने भदंत आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या लाखाच्या जनसमुदायाला दीक्षा दिली. आपल्या भागातले जे मुंबईला होते ते त्या गर्दीत होते. गावी परतले ते डोळे सुजवून आणि बाबासाहेबांचे शब्द मनात धरून. मग देव्हारे रिकामे झाले. मेलेलं जनावर ओढणं बंद झालं. गावाने बलुतं बंद केलं, वाट अडवली, कामावर बोलावणं थांबवलं. तरी मागे फिरलो नाही.

धर्म बदलला म्हणून सवलती गेल्या. महाराष्ट्र शासनाने १९६० साली त्या दिल्या, पण केंद्राच्या सवलतींसाठी १९९० साल उजाडावं लागलं. मधली तीस वर्षं ज्यांची हुकली, त्यांतले काही या मंडपात बसले आहेत. त्यांना विचारा.

१९८२ चा गिरणी संप झाला, गिरण्या मिटल्या. २००९ साली मोहन्याचा कारखाना बंद पडला. शहराने माणसं घेतली तशीच परत पाठवली. पण परत येताना माणूस गावच्या वाडीत गेला नाही. तो स्टेशनजवळ थांबला. वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी. मुरबाडच्या बाजूला मुरबाड गाव, सरळगाव, धसई. ही आपली वस्ती अशीच वसली. पहिली घरं कुडाची, मग पत्र्याची, मग स्लॅबची. पहाटे चारला घड्याळाचा गजर पाच घरांत एकदम वाजतो. डबा, रिक्षा, कसारा लोकल. रात्री नऊला माणूस परत. रविवारीच काय तो बाप पोरांना दिसतो. आपल्या मुली शिक्षिका झाल्या, परिचारिका झाल्या, अंगणवाडी चालवतात, एक-दोघी पोलिसात आहेत. मुलं वासिंदच्या पोलाद कारखान्यात, मुरबाडच्या एम.आय.डी.सी.त, भिवंडीच्या गोदामांत. बहुतेक कंत्राटावर. कायम नोकरीवाला जावई आता कंदील घेऊन शोधावा लागतो.

या वस्तीला घर म्हणावं असं काय आहे, तर हे विहार. ज्यांनी विटा वाहिल्या, ज्या मायबहिणींनी दर महिन्याला डब्यात पाच-पाच रुपये टाकले, त्यांची नावं भिंतीवर नाहीत. त्यांनीच नको म्हटलं. वर्षावासात तीन महिने इथे 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचला जातो. सुरुवातीला वाचणारे चार आणि ऐकणारे सहा. आता पायरीवर बसावं लागतं. लग्न ठरतं इथे, भांडण मिटतं इथे, पुण्यानुमोदन इथेच. मुलांची अभ्यासिका रात्री अकरापर्यंत चालू असते, कारण घरात टी.व्ही. आणि बाहेर मोबाइल.

आता जमीन चालली

इथपर्यंत बोललो ते तुम्हाला कमीजास्त ठाऊकच होतं. ज्यासाठी उभे राहिलो ते आता सांगतो.

शहराने आपलं पाणी नेलं, मग माणसं नेली. आता शहर स्वतःच चालत आलं आहे. समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून गेला. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. आग्रा रोडला, माळशेजच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी फलक आहेत. स्टेशनपासून दहा मिनिटं, डोंगराचा देखावा, हप्त्याने प्लॉट. जिथे आमच्या आज्या राब भाजायच्या, नाचणी-वरी लावायच्या, तिथे आता लोखंडी फाटक आणि आत पोहायचा हौद. टँकर तिथेही जातो, पण तो विकतचा.

आणि एजंट आपल्या दारात येतो. गोड बोलतो. 'जयभीम' आधी तोच घालतो.

एक गोष्ट सांगतो. आमच्या मुरबाडकडच्या वाडीची. वाडीचं नाव घेत नाही. तिथे आमच्या भावकीची दोन एकर तीस गुंठे वतनाची जमीन. सातबाऱ्यावर सतरा नावं, त्यांतली नऊ मेलेल्यांची. २०१६ साली रस्त्याची हवा झाली आणि भाव चढले. एजंट आला. म्हणाला, "काका, नुसता साठेकरार आणि कुलमुखत्यारपत्र. बाकीचं आमच्यावर सोडा." आम्ही तिघा भावांनी सह्या केल्या. चुलतभावांनी केल्या. एका चहाच्या टपरीवर, स्टॅम्पपेपर गुडघ्यावर ठेवून. ज्यांना बाराखडी आली नाही म्हणून आमचा बाप रडला होता, त्या बापाच्या शिकलेल्या मुलांनी तो कागद न वाचता सही केली.

दोन बहिणी आहेत आम्हाला. त्यांना विचारलं नाही.

पैसे आले. एकाने स्लॅब टाकला, एकाने मोटारसायकल घेतली, एकाच्या मुलीचं लग्न झालं. दोन वर्षांत पैसे संपले. मग घेणाऱ्याने तारेचं कुंपण घातलं. त्या कुंपणात आपल्या स्मशानाकडे जाणारी वाट गेली. पुढच्या श्रावणात चुलती वारली. भर पावसात दुसऱ्याच्या भाताच्या बांधावरून, पाय घसरत, तिरडी धरून नेली. शेतमालक भला माणूस, कुणबी. काही बोलला नाही, उलट पुढे होऊन बांध दाखवला. आम्ही मान वर केली नाही.

त्यानंतर कळलं की जमीन भोगवटादार वर्ग दोनची. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय आणि नजराणा भरल्याशिवाय ती विकताच येत नाही. शर्तभंगाची नोटीस आली. घेणारा म्हणतो, पैसे परत करा. शर्तभंग ठरला तर जमीन सरकारजमा होऊ शकते. म्हणजे जमीन गेली, पैसे गेले, वाट गेली, आणि तारखा तेवढ्या राहिल्या. प्रकरण अजून चालू आहे.

धाकट्या बहिणीकडे गेलो, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "दादा, तू सही मागायला आला असतास तर मी दिली नसती. म्हणूनच तू आला नाहीस."

यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

ही एकट्या आमची गोष्ट असती तर तुमचा वेळ घेतला नसता. २०२५ च्या नोव्हेंबरात पुण्याजवळ मुंढव्याच्या महार वतनाच्या सुमारे चाळीस एकर जमिनीचा व्यवहार सगळ्या महाराष्ट्रात गाजला. तो पेपरात आला म्हणून कळला. दोन-दोन एकरांचे तुकडे पेपरात येत नाहीत.

तरुण मित्र विचारतात, "काका, वतन म्हणजे गुलामी, असं बाबासाहेबांनीच सांगितलं ना? मग त्या जमिनीला कशाला कवटाळता?" प्रश्न चांगला आहे. उत्तर १९२८ च्या बिलातच आहे. बाबासाहेबांना चाकरी नको होती. जमीन सोडून द्या असं ते म्हणत नव्हते. चाकरी सुटावी, आणि जमीन पूर्ण सारा भरून रयत म्हणून, हक्काने आपल्या नावावर राहावी, ही त्यांची मागणी होती. पुढे घाटापलीकडच्या कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला, १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली. लाखो माणसं तुरुंगात गेली, बायका तान्ही पोरं घेऊन गेल्या. कशासाठी? जमिनीच्या तुकड्यासाठी. आज त्याच दादासाहेबांच्या नावाची शासनाची योजना आहे, भूमिहीन अनुसूचित जातीच्या कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत देण्याची. एकीकडे सरकार जमीन शोधतंय आपल्याला द्यायला, आणि आपण आहे ती टपरीवर देऊन येतो.

आपल्या आदिवासी बांधवांचंही हेच. त्यांची जमीन बिगर आदिवासीला परवानगीशिवाय जात नाही, असा कायदा आहे. तरी कुंपणं पडतात. डोंगरावरचा ठाकूर आणि गावकडेचा आपला माणूस, दोघांना फसवणारा कागद एकच असतो. तेव्हा या कामात त्यांना बरोबर घ्यायला हवं.

"विकू नका" म्हणणं सोपं आहे, हे आम्हाला कळतं. घरात डायलिसिसचा रुग्ण असेल, मुलीची मेडिकलची फी भरायची असेल, तर माणूस काय करील? त्याला आम्ही दोष देणार नाही. पण विकायचीच वेळ आली तर परवानगी घेऊन, नजराणा भरून, सगळ्या वारसांच्या सह्यांनी, चार ठिकाणी भाव विचारून विका. आणि वाट, विहीर, स्मशान, समाजमंदिराची जागा ही मोजून बाहेर ठेवा. ती कोणा एकाची नसते.

विहाराला विनंती

आता समितीला हात जोडून विनंती. येत्या वर्षावासात ग्रंथवाचन चालू राहीलच. आठवड्यातली एक संध्याकाळ मात्र सातबाऱ्यासाठी द्या. प्रत्येक घराने आपल्या गावचा उतारा घेऊन यावं. तो आता मोबाइलवरही निघतो. अभ्यासिकेतली मुलं काढून देतील. सोबत आठ-अ आणि जुने फेरफार आणावेत. वर्ग एक की वर्ग दोन, इतर अधिकारात काय लिहिलंय, मेलेल्यांची नावं कोणती, हे सगळ्यांनी मिळून वाचायचं. ज्याला वाचता येतं त्याने वाचावं, ज्याला येत नाही त्याने ऐकावं. धम्मग्रंथ वाचताना जसं बसतो तसंच बसायचं.

दुसरं, वारसनोंदी. बाप वारला की तीन महिन्यांत तलाठ्याकडे अर्ज गेला पाहिजे. आणि त्यात मुलींची नावं लिहा. हिंदू वारसा कायदा आपल्यालाही लागू आहे, बौद्धांनाही. २००५ च्या दुरुस्तीने मुलीचा हक्क मुलाइतकाच झाला. बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडलं, त्याच्या कारणांत हिंदू कोड बिल हे मोठं कारण होतं. त्यांचा फोटो घरात लावायचा आणि बहिणीकडून हक्कसोडपत्रावर अंगठा घ्यायचा, हे दोन्ही एका घरात शोभत नाही. आम्ही बहिणींच्या नावासाठी अर्ज दिला आहे. उशिरा दिला, पण दिला.

तिसरं, नियम करा की जमिनीच्या कागदावर कोणीही एकट्याने सही करायची नाही. कागद आधी विहारात आणायचा, आठ दिवस ठेवायचा, जाणत्या वकिलाला दाखवायचा. एजंट म्हणेल, "आजच्या आज करा, नाहीतर भाव जाईल." जाऊ दे. आठ दिवसांत जो भाव जातो तो भाव नव्हताच.

चौथं, ज्यांची जमीन आहे त्यांनी ती पडीक ठेवू नये. पडीक जमिनीकडेच आधी नजर जाते. आपल्याकडे भात होतो, भातामागे वाल-हरभरा होतो, पाणी असेल तिथे भेंडी, काकडी होते. शहापूर-मुरबाडची भेंडी बाहेरदेशी जाते. दोन-तीन घरांनी मिळून एक जण गावी ठेवला तरी चालेल. नाहीच जमलं तर बांधावर आंबा लावा, वर्षातून चारदा जा, मुलांना सोबत न्या. आमची नातवंडं एकदा गेली. म्हणाली, "आजोबा, हे सगळं आपलं होतं?" 'होतं' हा शब्द त्यांना कोणी शिकवला नव्हता. कुंपण बघून त्यांचं त्यांनाच कळलं.

२०२० च्या डिसेंबरात शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. आपल्या कितीतरी वाड्यांच्या पाट्या बदलल्या, त्याचा आनंद आहे. पण पाटी बदलल्यावर पाटीमागे वाडीच उरली नाही, तर ती पाटी कोणासाठी?

शेवटी एवढंच. मागच्या महिन्यात आम्ही दोघं भाऊ आणि दोन्ही बहिणी वाडीवर गेलो होतो. कुंपणाच्या कडेने चालत गेलो. स्मशानाची वाट परत मिळावी म्हणून चौघांनी मिळून तहसीलदारांकडे अर्ज दिला आहे, पहिली सही धाकट्या बहिणीची. काय होईल ते होवो. या अर्जाची एक प्रत विहाराच्या कपाटात ठेवायला आणली आहे. पुढच्या वर्धापनदिनी आम्ही असलो-नसलो तरी कोणीतरी ती काढून बघावी आणि काय झालं ते इथे सर्वांना सांगावं.

  चुकलं-माकलं पदरात घ्यावं.

जयभीम! नमो बुद्धाय!